आमच्या जीपचा कांटा

गेल्या चैत्रांत आमच्या घरच्या जुन्या जीपगाडीस ताप येऊं लागला. ही बातमी आम्हांस गाडीनें दिली नाहीं. ती दिली चाकापुढील पत्र्यावर बसविलेल्या एका लहानशा तबकडीवरील कांट्यानें. तिवस्याहून अमरावतीच्या वाटेला लागावें, मोझरीचें गुरुकुंज दृष्टीस पडतें न पडतें तोंच या कांट्यानें २१२ चा आंकडा गांठावा, आणि आम्हीं एखाद्या कडुनिंबाची सावली पाहून गाडी उभी करावी, बॉनेट उघडावें व येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शहाण्याचा सल्ला निमूटपणें ऐकून घ्यावा, असा क्रमच होऊन बसला. फॅरनहाइटच्या २१२ अंशांवर पाणी उकळतें हें ज्याला शाळेंत शिकविलें गेलें आहे, त्याला असा कांटा पाहून स्वस्थ बसवत नाहीं. त्यांतून आमच्या भागांतला उन्हाळा! ज्या दिवसांत अंगाला लागणारा वाराच ४५ अंशांचा असतो, त्या दिवसांत ऐंशी वर्षांची गाडी तापली तर तिला नांवें कोणीं ठेवावीं?

ही गाडी आमच्या आजोबांनीं १९४८ सालीं घेतली. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्करास नकोशा झालेल्या गाड्या विक्रीस निघाल्या, त्यांतलीच ही एक. १९४१ पासून १९४५ पर्यंत विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून असल्या सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. त्यांतील एक फिरत फिरत मध्यप्रांत-वऱ्हाडांतील एका कापूस पिकविणाऱ्या गृहस्थाच्या अंगणांत येऊन उभी राहावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. तोफेचा गाडा ओढण्यासाठीं जन्मास आलेल्या या गाडीनें पुढें आमच्याकडे कापसाच्या बोऱ्यांनीं भरलेला ट्रेलर ओढून धामणगांवच्या जिनिंगला पोंचविला, पाहुणे आणले, पोरें शाळेंत सोडलीं. आजोबांच्या मागें ती आमच्या वडिलांकडे आली. अप्पांचें वय आज ८४ आहे. २०१६ सालीं डोळ्यांनीं दगा देईपर्यंत ते स्वतःच ती चालवीत, आणि चालवितांना त्यांची एक नजर रस्त्यावर व दुसरी त्या कांट्यावर असे. ‘कांटा बोलला कीं थांबावें’ एवढेंच त्यांचें मोटारशास्त्र होतें. गाडीला काय झालें, केव्हां झालें, काय बदललें, याची ते एक वही ठेवीत. त्या वहींत शब्द कमी आणि तारखा अधिक असत.

गाडी इतकीं वर्षें अंगणांतील छपराखालीं जवळजवळ निजूनच होती. यंदा ती जागी करण्याचें कारण अप्पाच. कौंडण्यपूरला जीपनें एकदां जाऊन यावें, अशी इच्छा त्यांनीं होळीच्या सुमारास बोलून दाखविली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचें माहेर. वर्धा नदीच्या कांठीं, आमच्याच तालुक्यांत. बसनें अथवा मुलाच्या नव्या मोटारीनें तेथें केव्हांही जातां आलें असतें. परंतु अप्पांना जीपनेंच जावयाचें होतें, आणि जो माणूस वर्षानुवर्षें कांहीं मागत नाहीं त्यानें एखादी गोष्ट मागितली म्हणजे तिच्याबद्दल वाद घालण्याचा अधिकार घरांतल्या कोणासच उरत नाहीं.

प्रथम आम्हीं सर्वजण करतात तेंच केलें. म्हणजे कांट्यावर विश्वास ठेवून इंजिनावर उपचार केले. रेडिएटर उतरवून अमरावतीस नेला आणि आंतील गाळ काढून स्वच्छ करून आणला. थर्मोस्टॅट बदलला. पाण्याचा पंप उघडून पाहिला. पंख्याचा पट्टा ताणून घेतला. या सर्वांस किती खर्च आला तो आंकडा आम्ही येथें देत नाहीं. तो घरांतही दिलेला नाहीं. कांटा मात्र मोझरीशीं केलेला आपला करार मोडीना.

मग एका हुशार तरुण मेकॅनिकास बोलाविलें. नव्या गाड्यांच्या विद्येंत हा मुलगा पारंगत आहे, आणि त्यानें आम्हांस जें सांगितलें तें इतर जुन्या मोटारवाल्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें नमूद करतों. विजेवर चालणाऱ्या तापमापकांत इंजिनाच्या अंगांत एक लहानसा सेंडर बसविलेला असतो. पाणी जसजसें तापतें तसतसा त्याचा विरोध कमी होतो, तारेंतून प्रवाह अधिक वाहतो आणि कांटा वर चढतो. तेव्हां ती तार सेंडरवरून काढली असतां कांटा खालीं पडला पाहिजे, आणि तीच तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडास टेकविली असतां तो वर गेला पाहिजे. असें झालें तर कांटा व तार निर्दोष, दोष सेंडरचा. आणि ज्या गाड्यांत दोन्ही मापकांना एकाच स्थिर दाबाचा प्रवाह पुरविलेला असतो, तेथें पेट्रोलचा व तापाचा असे दोन्ही कांटे एकाच वेळीं वेडेवांकडे वागूं लागले तर दोघांवरही संशय न घेतां त्यांना प्रवाह पुरविणारी डबी पाहावी. इतकें सुंदर विवेचन करून तो मुलगा दिव्याची तार हातांत घेऊन आमच्या गाडीखालीं शिरला आणि अर्ध्या तासानें धुळीनें माखून बाहेर आला. म्हणाला, ‘काका, हिला वायरच नाही!’

त्याचें खरें होतें. आमच्या जीपच्या तापमापकाचा विजेशीं कांहींएक संबंध नाहीं. इंजिनाच्या माथ्यांत पितळेची एक कुपी बसविलेली आहे, तींत थोडा ईथर आहे, आणि तिच्यापासून केसासारखें बारीक छिद्र असलेली तांब्याची एक नळी थेट तबकडीच्या पाठीशीं जाते. ईथर हें फार उतावळें द्रव्य आहे. तें ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळूं लागतें. पाणी तापलें कीं कुपींत वाफ कोंडते, तिचा दाब नळीवाटे तबकडीमागील एका चपट्या, वांकविलेल्या नळीपर्यंत पोंचतो आणि ती नळी सरळ होऊं पाहते. जत्रेंत मुलांना मिळणारी गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकली म्हणजे कशी उलगडते, तसाच हा प्रकार. पॅरिसच्या यूजेन बूर्दों यानें १८४९ सालीं ही युक्ति काढली, आणि आगगाडीच्या बाष्पयंत्रापासून हवा भरण्याच्या पंपापर्यंत ती जगभर पसरली. आमच्या गाडींत त्या नळीचें टोंक एक दांडी ओढतें व दांडी कांटा फिरविते. बस्स. त्याहीपूर्वींच्या मोटारींत तर रेडिएटरच्या टोपणावरच थर्मामीटर उभा केलेला असे आणि हांकणारा समोरच्या कांचेंतून तो वाचीत असे. हल्लींच्या पुष्कळ मोटारींत याच्या उलट चाल आहे. तेथील कांटा पाणी ७५ अंशांवर असो कीं १०० च्या घरांत असो, मुद्दाम मध्यावरच उभा केलेला असतो, कारण तो हालला तर गिऱ्हाईक उगीच घाबरतें. आमच्या कांट्याला असला शिष्टाचार ठाऊक नाहीं.

आतां आम्ही थोडा विचार करूं लागलों. तो आधींच करावयास हवा होता. पाणी खरोखर उकळत असेल तर टोपणाखालून वाफ फुसफुसली पाहिजे. ती नव्हती. पाणी कमी झालें पाहिजे. रोज थंड गाडींत काडी घालून आम्हीं मोजलें, तें एक बोटही उतरलेलें नव्हतें. आणि सर्वांत मोठा पुरावा इतके दिवस डोळ्यांपुढें असून दिसला नव्हता. पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या थंडगार इंजिनावर, हा कांटा आपल्या खालच्या खुंटीवर निजलेला नसे. १३० च्या जवळपास डोकें वर काढून असे. ज्याला सकाळीं उठल्याबरोबर, अंग थंड असतांनाही ताप दिसतो, त्याचा थर्मामीटर तपासून पाहावा, एवढें तर कोणतीही आजीबाई सांगेल.

शेजारच्या गुरुजींनीं २०२० सालच्या साथींत शाळेसाठीं आणलेली, कपाळासमोर धरून ताप पाहण्याची बंदूक आणून दिली. ती आम्हीं तापलेल्या इंजिनावर रोखली. माणसाच्या तापापलीकडे मोजण्याची तिची ऐपत नसल्यामुळें तिनें पडद्यावर केवळ ‘हाय’ अशीं इंग्रजी अक्षरें उमटविलीं. उद्गार समर्पक होता, पण उपयोगाचा नव्हता.

त्या दिवशीं संध्याकाळच्या चहाच्या वेळीं आम्ही मोठ्या उत्साहानें ओसरीवर जाऊन म्हणालों, ‘अप्पा, इंजिन निर्दोष आहे. आपला कांटाच खोटा बोलतो. कोण जाणे, पहिल्यापासूनच बोलत असेल!’

अप्पांनीं कप खालीं ठेवला. ‘पहिल्यापासून?’ एवढेंच विचारलें, आणि चहा तसाच टाकून ते आंत गेले. आपण काय बोललों तें आम्हांस ते गेल्यावर उमगलें.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९८३ च्या मे महिन्यांत एका रात्रीं आमच्या आजीच्या छातींत कळ आली. ताबडतोब अमरावतीस न्या, असें डॉक्टरांनीं सांगितलें. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता. मागच्या बाकावर आईच्या मांडीवर आजीचें डोकें होतें, आणि पायांशीं अकरा वर्षांचे आम्ही पाण्याचा तांब्या सांभाळीत बसलों होतों. मोझरी ओलांडून थोडें पुढें गेल्यावर अप्पांनीं गाडी थांबविली. कांटा २१२ वर होता. गाडी मध्येंच बंद पडली तर रात्रींच्या वेळीं त्या रस्त्यावर दुसरें वाहन मिळण्याची आशा नव्हती. म्हणून इंजिन निवण्याची वाट पाहत अप्पा अंधारांत बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. नांदगांव पेठेच्या अलीकडे पुन्हां तेंच. आईनें एकदांच विचारलें, ‘निघायचं का?’ आणि अप्पा म्हणाले, ‘कांटा उतरू दे.’ दवाखान्यांत पोंचलों तेव्हां दोन वाजून गेले होते. पहाटे आजी गेली. ‘अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर,’ असें कोणीसें बोललें. कोण बोललें तें आठवत नाहीं. अप्पा तेथें उभे होते, हें आठवतें.

त्या रात्रीं टोपणाखालून वाफ निघत होती कीं नव्हती, हें आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. अंधार आठवतो, बेडकांचा नव्हे तर रातकिड्यांचा आवाज आठवतो, तांब्याचा थंडपणा आठवतो. वाफ आठवत नाहीं.

कांटा तपासावयाचा तर तो, नळी आणि कुपी हीं तिन्ही एकदम काढावीं लागतात. त्यांस एकमेकांपासून तोडलें कीं ईथर उडून जातो आणि मापक कायमचें मरतें. इंजिनांतलें थोडें पाणी आधीं काढून घेतलें. कुपी धरून ठेवणारा पितळी नट इतका घट्ट बसला होता कीं तीन दिवस त्याला तेल पाजावें लागलें. नट फिरवितांना नळी त्याच्याबरोबर पिळली जाऊं नये ही खरी काळजी. तेथें घाई करणाऱ्यांनींच असलीं बहुतेक मापकें मारलीं असावींत. चवथ्या दिवशीं तो हालला. मग पत्र्यांतील भोकामधून सबंध वेटोळें हळूच ओढून घेऊन, नुकतें जन्मलेलें मूल आणावें तसें आम्हीं तें ओसरीवर आणलें. नळी कोठें फुटली असती तर कांटा खालीं पडून मेला असता. उगीच वर चढला नसता. कुपीवर क्षाराचा थर बसला असता तर तो मंद झाला असता. तेव्हां दोष तबकडींतच असावा, असा आमचा तर्क होता.

गृहस्वामिनीनें दुधाचें पातेलें देण्यास साफ नकार दिला व अंघोळीच्या पाण्याचें एक पोंचे पडलेलें पातेलें पुढें केलें. ईथर पेट घेणारा, म्हणून चूल किंवा गॅस न वापरतां विजेची शेगडी मांडली. कन्या अमरावतीस रसायनशास्त्र शिकते. तिनें ११० अंशांपर्यंतचा कांचेचा थर्मामीटर आणला होता. पाण्यांत कुपी आणि थर्मामीटर शेजारीं शेजारीं धरून ती आंकडे सांगूं लागली आणि आम्ही ते लिहूं लागलों. ६० अंश सेल्सिअसला, म्हणजे फॅरनहाइटच्या १४० ला, कांटा १६४ दाखवीत होता. ८० ला, म्हणजे १७६ ला, तो १९२ वर होता. पाणी उकळूं लागलें तेव्हां तर तो २२० ची शेवटची खूण ओलांडून पलीकडे गेला.

खालीं चोवीस अंशांचें खोटें, वर सोळा अंशांचें, आणखी वर त्याहूनही कमी. हें कसलें गणित? आम्ही बुचकळ्यांत पडलों. कन्येनें तबकडीवर कागद धरून प्रत्येक वेळीं कांटा कोठें असावयास हवा होता व कोठें होता याचे कोन आंखले, आणि कोन सर्वत्र जवळजवळ सारखेच निघाले. ईथरच्या वाफेचा दाब आरंभीं सावकाश व पुढें झपाट्यानें वाढतो, म्हणून या तबकडीवरील आंकडे खालीं दाटीवाटीनें आणि वर ऐसपैस बसविलेले असतात. तितकाच कोन खालीं अधिक अंश खातो व वर कमी. म्हणजे नळी, कुपी, ईथर हीं सारीं प्रामाणिक होतीं. कांटाच आपल्या आंसावर जरासा सरकून बसला होता.

केव्हां सरकला? आमचें सर्व लक्ष आतां या प्रश्नाकडे लागलें. कपाटांत अप्पांची गाडीची वही होती. तिचा आरंभ १९८५ पासून होता. पानें उलटतां उलटतां १९९१ च्या ऑक्टोबरांत एक ओळ सांपडली: ‘तापमापकाची कांच फुटली. नवी बसविली.’ कांच बदलणाऱ्यानें कांटा उपटून पुन्हां दाबला असेल आणि तो अंदाजानें दाबला असेल, हें उघडच आहे. त्यापूर्वीं वहींत ‘थांबलों’ हा शब्द वर्षांतून एखाद्या वेळीं येतो. त्यानंतर तो पावसाळ्याशिवाय प्रत्येक महिन्यांत आहे. तळेगांवला थांबलों. कोंढाळीला थांबलों. सत्याग्रही घाटांत दोनदां थांबलों. १९९८ सालीं आमच्या लग्नाला नागपुरास जातांना तर ही गाडी तीनदां थांबली होती, आणि मुहूर्त टळतो कीं काय म्हणून भटजींनीं फिकट चेहऱ्यानें घड्याळ पाहिलें होतें. ही हकीकत आम्हीं घरांत वाचून दाखविली. ‘म्हणजे त्या दिवशीं उगीचच उन्हांत उभं केलं आम्हांला,’ असें गृहस्वामिनी म्हणाली. मंडपांत तिच्याकडील दोनशें माणसें ताटकळलीं होतीं, आणि त्या खटल्याचा निकाल छत्तीस वर्षें... नव्हे, इतक्या वर्षांनीं का होईना, तिच्या बाजूनें लागला होता. (रागाच्या भरांत तिनें वर्षें वाढवून सांगितलीं, तींच आमच्या लेखणींत आलीं.)

१९९१ ची ती ओळ वाचून आम्हांस बरें वाटलें. पण तें पुरतें बरें वाटणें नव्हतें. कांटा त्या वेळीं सरकला हें संभवनीय होतें, सिद्ध नव्हतें. तो आधींपासूनच थोडा सरकलेला असेल आणि कांच बदलतांना आणखी सरकला असेल. १९८३ चा कांटा खरा होता असें आम्ही कशाच्या आधारावर म्हणणार?

कांटा काढण्याचें काम दोन चहाच्या चमच्यांनीं केलें. तबकडीवर कागदाचा तुकडा ठेवून दोन्ही बाजूंनीं चमच्यांचीं टोंकें खालीं सरकवावयाचीं आणि दोहोंवर सारखा भार द्यावयाचा. एका बाजूनें उचकटलें तर आंस वांकतो. कांटा टक् करून सुटला. मग पाणी ८० अंशांवर स्थिर धरून तो १७६ च्या खुणेवर बोटानें दाबून बसविला. ६० ला पाहिलें, १४० आला. आम्हीं विजयी मुद्रेनें पाणी उकळूं दिलें. बुडबुडे उसळूं लागले, आणि कांटा २१० वर जाऊन थांबला.

पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. कांटा पुढें जाईना. दोन अंशांची चूक म्हणजे कांहींच नव्हे, हें कळत होतें. परंतु खोटें सांपडलेल्या माणसाच्या पुढच्या बारीकसारीक शब्दांवरही जसा संशय येतो, तसें आमचें झालें. पुन्हां कांटा उपटावा कीं काय या विचारांत आम्ही चमचे हातांत घेतले. तेवढ्यांत मागून आवाज आला.

‘किती दावते?’

अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. केव्हांपासून उभे होते कोण जाणे.

‘दोनशे दहा, अप्पा.’

‘हाव. बरोबर हाये. अठी दोनशे बारा कधीच येत नाही.’

कन्येनें थर्मामीटर वर उचलून पाहिला. उकळत्या पाण्यांत तो ९९ दाखवीत होता. तिनें कपाळावर हात मारून घेतला. समुद्रसपाटीपासून जसजसें वर जावें तसतसें पाणी लवकर उकळतें. तीनशें मीटरांच्या आसपास उंचीवर सुमारें एक अंश आधीं. आमचा गांव त्याच उंचीवर आहे. ९९ सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइटचे २१०. शंभराव्या अंशावर पाणी उकळतें हें ज्यांनीं आम्हांस शिकविलें, त्यांनीं तें मुंबईच्या पुस्तकांतून शिकविलें होतें.

‘पण अप्पा, तुम्हांला हें कसं ठाऊक?’ आम्हीं विचारलें.

ते लगेच कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘जुनी वही माझ्या पेटीत हाये. पाय,’ आणि काठी टेकीत अंगणांत गेले.

पेटींत आजीचें एक लुगडें, तिची जपाची माळ आणि त्यांच्याखालीं कापडी बांधणीची एक वही होती. मे १९८३ चें पान आम्हीं उघडलें. ११ तारखेपुढें कांहीं लिहिलेलें नव्हतें. त्यानंतर दोन आठवडे कोरे होते. २५ तारखेला अप्पांच्या अक्षरांत लिहिलें होतें: ‘तापमापक काढून उकळत्या पाण्यांत धरला. शाळेचा थर्मामीटर ९९. कांटा २१०. बरोबर.’

तेराव्याचा मांडवही पुरता उतरला नसेल, अशा दिवशीं घरांत कोणास न सांगतां त्यांनीं हीच पितळी कुपी काढली होती, हेंच वेटोळें उलगडलें होतें, आणि पाण्यापाशीं एकटे बसून उकळी येण्याची वाट पाहिली होती. आम्ही त्या वेळीं घरांतच असलों पाहिजे. कोठें होतों, काय करीत होतों, कांहीं आठवत नाहीं.

त्या नोंदीखालीं दुसरी ओळ होती, त्याच तारखेची, पण शाई निराळी: ‘रेडिएटरची जाळी पुढून रुईनें गच्च. अर्धें टोपलें निघाली.’

त्या साली सबंध हंगामभर गाडी धामणगांवच्या जिनिंगच्या आवारांत फिरली होती. तेथें हवेंतच रुई उडत असते. ती पुढच्या जाळींत अडकते, तिच्यावर धूळ बसते, आणि आंतून पाणी कितीही स्वच्छ असलें तरी वाऱ्याला वाट उरत नाहीं. जिनिंगवाल्या प्रत्येक ड्रायव्हरला हें ठाऊक असतें. अप्पांनाही ठाऊक होतें.

आम्हीं पुढचें पान उलटलें. जून १९८३: ‘जाळी साफ केली.’ जुलै: ‘जाळी साफ केली.’ ऑगस्ट, सप्टेंबर, ऐन पावसाळ्यांत, जेव्हां कोठेंही रुईचा कण नसतो, तेव्हांही. १९८५ पासूनची वही तर आम्हीं दोन दिवस हातांत घेऊन वाचली होती. तींतही प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला ही ओळ होती, आणि ‘थांबलों’ मोजण्याच्या नादांत आम्हीं ती नेहमींची बाब म्हणून ओलांडली होती. आतां पुन्हां काढून पाहिली. २०१६ च्या मार्चपर्यंत एकही महिना सुटलेला नाहीं.

वही होती तशी लुगड्याखालीं ठेवून दिली. त्याविषयीं अप्पा कांहीं बोलले नाहींत व आम्हीं कांहीं विचारलें नाहीं.

मापक पुन्हां बसविलें. मोझरीपर्यंत एक फेरी मारून पाहिली. दुपारच्या उन्हांत, वरच्या वेगानें, कांटा १९५ वर गेला आणि तेथेंच राहिला. पुढच्या रविवारीं, उजाडण्यापूर्वीं, आम्ही कौंडण्यपूरला निघालों. अप्पांना धोतर, टोपी व उपरण्यासह पुढच्या बाकावर बसविलें, गाडी चालू केली, तोंच त्यांनीं हातानें थांबण्याची खूण केली आणि ते हळूहळू पुन्हां खालीं उतरले. गाडीपुढें जाऊन ते वांकले. जीपच्या तोंडावर ज्या नऊ उभ्या फटी असतात, त्यांतून एकेकींत बोटें घालून त्यांनीं आंतली जाळी चांचपून पाहिली. डोळ्यांना आतां दिसत नाहीं, बोटांनींच पाहिली. नवव्या फटीनंतर बोटें उपरण्याला पुसलीं आणि येऊन बसले.

‘चाल,’ म्हणाले.

कुऱ्हा येईपर्यंत ते डोळे मिटून होते. गांवाबाहेर त्यांनीं एकदां विचारलें, ‘किती?’

‘एकशे ऐंशी, अप्पा.’

‘हाव,’ म्हणाले, आणि उपरणें कानावरून ओढून घेतलें. पहाटेचा वारा अजून थंड होता.